सावधानतेची दवंडी

पूर्वीच्या काळी एखादी वार्ता साऱ्या गावाच्या कानी घालावयाची असे, तेव्हा दवंडी पिटली जाई. नदीला पूर येणार असो, साथीचा रोग पसरलेला असो, की रानातून वाघ उतरलेला असो. दवंडी ऐकू येताच लोक हातचे काम टाकून अंगणात येत. आज वसई-विरारसारख्या गजबजलेल्या शहरात ती दवंडी ऐकू येत नाही. तिची जागा पोलिसांच्या गाडीवरील ध्वनिक्षेपकाने, चौकातील फलकांनी आणि मोबाईलवरील संदेशांनी घेतली आहे. साधन बदलले, हेतू मात्र तोच राहिला.

पोलीस म्हटले की चोराला पकडणारा करड्या शिस्तीचा मनुष्य, असेच चित्र पुष्कळांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. हे चित्र खोटे नव्हे; पण ते अपुरे आहे. महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीदवाक्य ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ असे आहे. सज्जनांचे रक्षण आणि दुर्जनांचे दमन ही दोन कर्तव्ये त्यात सांगितली आहेत आणि त्यांतही रक्षणाला पहिले स्थान आहे. 1829 मध्ये सर रॉबर्ट पील ह्यांच्या पुढाकाराने लंडन शहरात पोलीस दल उभे राहिले, तेव्हा गुन्हा घडूच न देणे हेच त्याचे मुख्य उद्दिष्ट मानले गेले होते. जे गुन्ह्याविषयी खरे, तेच अपघाताविषयी आणि रोगाविषयीही खरे आहे. संकट आल्यावर धावून जाणे हे चांगले; परंतु ते येण्यापूर्वी सावध करणे हे त्याहून चांगले.

वसई-विरारच्या भूमीला अशा सावधानतेची विशेष गरज आहे. दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा नदी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर अशा चौकटीत हा प्रदेश वसला आहे. 2009 मध्ये येथे महानगरपालिका स्थापन झाली, 2014 मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि 1 ऑक्टोबर 2020 रोजी मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाचे कामकाज सुरू झाले. शहर वाढले, पण डोंगर, पाऊस आणि भरती-ओहोटी ह्यांनी आपला स्वभाव बदलला नाही.

तुंगारेश्वराच्या रांगेतील चिंचोटीचा धबधबा पावसाळ्यात मोठा मोहक दिसतो. परंतु तेथे अनेकांनी प्राण गमावले आहेत. जुलै 2018 मध्ये पाण्याचा लोंढा अचानक वाढून शंभराहून अधिक सहलकरी तेथे अडकले. त्यांची सुटका करण्यात आली. तरी एकाचा जीव गेलाच. पायथ्याशी पाऊस नसला, तरी डोंगरमाथ्यावर तो कोसळत असू शकतो आणि ते पाणी काही मिनिटांत खाली येते. म्हणूनच पावसाळ्यात धबधब्यावर जाण्यास पोलीस मनाई करतात. ही मनाई आनंदावर विरजण घालण्यासाठी नसते. सहलीला गेलेला मुलगा संध्याकाळी घरी परतावा, एवढाच तिचा अर्थ असतो.

त्याच महिन्यात, 10 जुलै 2018 रोजी, नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी चढले आणि लोकल गाड्या थांबल्या. सखल भागात मुसळधार पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली, म्हणजे पाण्याला बाहेर पडण्यास वाट उरत नाही. अशा वेळी साचलेल्या पाण्यातून चालू नये, असे वारंवार सांगितले जाते. त्यामागे दोन कारणे आहेत. पाण्याखाली उघडे गटार किंवा विजेची तुटलेली तार असली, तर ती दिसत नाही, हे एक. दुसरे कारण आरोग्याचे. उंदरांच्या मूत्रातून पसरणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशा पाण्यात असतात आणि पायावरील लहानशा जखमेतूनही ते शरीरात शिरतात. पाण्यातून जावेच लागले, तर घरी येताच पाय साबणाने धुवावेत, पिण्याचे पाणी उकळून घ्यावे आणि ताप आल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

पाण्याच्या लोंढ्याप्रमाणे अफवेचाही लोंढा असतो आणि तोही माणसे वाहून नेतो. मुले पळवणारे व चोर फिरत असल्याच्या अफवांनी भडकलेल्या जमावाने 16 एप्रिल 2020 च्या रात्री ह्याच पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक अशा तीन निरपराध माणसांचे प्राण घेतले. आलेला संदेश पुढे पाठवण्यापूर्वी त्याची खातरजमा करावी आणि कोणाचा संशय आल्यास कायदा हातात न घेता पोलिसांना कळवावे, ही सूचना किती मोलाची आहे, हे ह्या एका घटनेवरून ध्यानात येते.

मात्र सावध करणाऱ्याचा वेष घेऊन लुटारूही येतात. ‘आम्ही पोलीस बोलत आहोत, तुम्हांला अटक झाली आहे, पैसे भरा,’ असे दूरध्वनीवरून धमकावून लोकांची, विशेषतः वृद्धांची, फसवणूक केली जाते. दूरध्वनीवरून किंवा चित्रफितीद्वारे अटक करण्याची कोणतीही तरतूद कायद्यात नाही. खरा पोलीस गुप्त सांकेतिक क्रमांक मागत नाही आणि सुटकेसाठी पैसेही मागत नाही. असा प्रसंग आल्यास संभाषण तत्काळ थांबवावे आणि घरच्या माणसांना सांगावे. पैसे गेलेच असतील, तर 1930 ह्या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. कारण जितकी त्वरा, तितकी रक्कम वाचण्याची आशा अधिक. इतर कोणत्याही संकटात 112 आणि रुग्णवाहिकेसाठी 108 हे क्रमांक लहानथोरांना मुखोद्गत असावेत.

पकडलेला चोर सर्वांना दिसतो. न बुडालेला मुलगा आणि न झालेली चोरी मात्र कोणालाच दिसत नाही. म्हणून सावधगिरीच्या सूचनेचे मोल सहसा कळत नाही. तिचे यश केवळ सांगणाऱ्यावर अवलंबून नसते, ऐकणाऱ्यावरही असते. पोलिसांनी आपली सूचना सौजन्याने व कारण देऊन सांगावी. नागरिकांनी ती समजून घ्यावी आणि शेजारच्या निरक्षर आजीपर्यंत, नुकत्याच राहावयास आलेल्या मजुरापर्यंत पोहोचवावी. जुन्या काळी दवंडी ऐकणारा प्रत्येक जण ती पुढच्या आळीत सांगत असे. ती रीत आजच्या शहरानेही जपली, तर पोलिसांच्या मूठभर संख्येला हजारो हातांचे बळ मिळेल.