समुद्र नसलेलं बंदर
हर्सूलहून बाईक काढली की दीडएक तासात पैठण. लोक जातात पैठणी घ्यायला, नाहीतर नाथांच्या दर्शनाला; मी जातो गोदावरीच्या घाटांवर रेंगाळायला. सातवाहनांची ही राजधानी, प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात हिचा पत्ता सापडतो: भडोच बंदरापासून दक्षिणेला 20 दिवसांची वाट. इथला अकीक गाड्या भरभरून तिकडे जायचा, तोही धड रस्ता नसलेल्या मुलखातून! आणखी 10 दिवस पूर्वेला तगर, म्हणजे आपलं तेर. तिथली मलमलही भडोचलाच. कोकणातल्या बंदरांसाठी मात्र नाणेघाट. तिथला दगडी रांजण अजून उभा आहे. जकातीची नाणी त्यात टाकत म्हणे.