संगणकाचे झुकते माप

'सिव्हिलायझेशन' या व्यूहनीतीच्या खेळाच्या २०१६ साली निघालेल्या सहाव्या आवृत्तीत जो खेळाडू सर्वांत कठीण पातळी पत्करतो, त्याला आरंभी वसाहत स्थापणारे एकच पथक मिळते. संगणकाच्या पदरात मात्र तशी तीन पथके आणि वाढीव फौज आधीच घातलेली असते. या पक्षपाताचे कारण दुष्टबुद्धी नसून असमर्थता आहे. शेकडो घरांचा मुलूख, डझनावारी पथके आणि प्रतिस्पर्ध्याचा अज्ञात हेतू यांचा मेळ काही क्षणांत घालणारी बुद्धी घडवणे अतिशय दुष्कर असल्यामुळे, जे चातुर्याने साधत नाही ते रसद आणि खजिना वाढवून साधण्याची तजवीज रचनाकार करतात.

'स्टारक्राफ्ट २' या खेळाने आपल्या सर्वोच्च पातळ्यांना उघडपणे 'चीटर' असेच नाव दिले. पहिलीत संगणकाला सारा नकाशा दिसतो, तर दुसरीत त्याला जादा सामग्रीही मिळते. ही स्पष्टोक्ती मला आदरणीय वाटते. याच खेळात डीपमाइंड संस्थेच्या 'अल्फास्टार' प्रणालीने पोलंडच्या ग्झेगोश कोमिंच या व्यावसायिक खेळाडूला पाच डावांत पराभूत केले. परंतु तेव्हा तिला दृष्टिक्षेत्र न हलवता नकाशाचा सारा दृश्य भाग एकदम पाहता येत होता. जानेवारी २०१९ मध्ये, माणसाप्रमाणे एका वेळी एकच भाग पाहण्याचे बंधन घातलेल्या आवृत्तीविरुद्ध, कोमिंच जिंकला.

सवलत देणे गैर नाही. ती लपवणे गैर आहे. प्रत्येक सवलतीचा तपशील डाव मांडण्यापूर्वीच पडद्यावर जाहीर झाला पाहिजे.