भाताच्या तुसाची राख : कचरा नव्हे, माल

आपल्यापैकी ज्यांचा मागाशी संबंध आहे त्यांना ठाऊकच आहे की, सायझिंगमध्ये ताण्याच्या सुताला खळ दिल्याशिवाय ते मागावर टिकत नाही. भाताच्या रोपाचेही असेच आहे, फक्त त्याची खळ सिलिकाची. मातीच्या पाण्यात विरघळलेले सिलिसिक आम्ल मुळे ओढून घेतात, ते पानात व काडीत जाऊन घट्ट होते आणि कातडीखाली काचेसारखा पातळ थर बसतो. अशा पानात करप्याची बुरशी सहजी शिरत नाही, खोडकिड्याला काडी पोखरणे जड जाते, पीक लोळत नाही.

आता हिशेब पाहा. हेक्टरी ५ टन भात देणारे पीक जमिनीतून २३० ते ४७० किलो सिलिकॉन उचलते. म्हणजे नत्रापेक्षाही जास्त. पेंढा विकला आणि तूस गिरणीत राहिले की ही पुंजी शेताबाहेर गेली.

कोणी म्हणेल, वाळू म्हणजे सिलिकाच, मग तुटवडा कसला? अहो, गोदामात माल भरपूर आहे, पण दाराला कुलूप! वाळू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्यातून कोकणच्या जांभ्या जमिनीतले विरघळणारे सिलिका पावसाने युगानुयुगे धुवून नेले. मागे राहिले लोह आणि ॲल्युमिनियम, आणि ते उरलेसुरलेही धरून ठेवतात.

इथेच पुष्कळांची गफलत होते. आंबट जमिनीत चुना घालणे चांगले, पण नुसत्या चुन्याने लोहाचे कण सिलिकाला अधिकच पकडतात आणि रोपाच्या वाट्याला काही वेळा कमी येते. पोलाद कारखान्याच्या मळीत कॅल्शियम व सिलिकेट दोन्ही असतात. जपानने १९५५ सालीच सिलिकेट खताला मान्यता दिली. मात्र जड धातूंची तपासणी केल्याशिवाय मळी घेऊ नये. युरियाचा मारा केला तर पाने हिरवीगार दिसतात, पण नरम पडतात व त्यांतील सिलिकाचे प्रमाण उतरते. असले पीक दिसायला देखणे, टिकायला कच्चे.

राहिली राख. १०० किलो भातामागे सुमारे २० किलो तूस आणि त्यातून सुमारे ४ किलो राख निघते. तिच्यात बहुतांश सिलिकाच. पण सगळी राख सारखी नसते. मंद आचेवर जळालेल्या काळ्या राखेतले सिलिका हळूहळू विरघळते. ७०० अंशांच्या बरेच वर भट्टीत तापले की त्याचे स्फटिक बनतात आणि ते पुन्हा वाळूच्या जातीला जाते. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीचे पहिले सूत्र हेच आहे : रोपवाटिकेच्या वाफ्यात चौरस मीटरला अर्धा ते एक किलो काळी राख मिसळायची आणि पेंढा शेतातच गाडायचा.

गावी जमीन असलेल्या बंधूंनी बॉयलरची राख घेण्यापूर्वी ती कोणत्या आचेची आहे हे विचारावे. शिवाय राख वजनाने फार हलकी असते, त्यामुळे लांबून आणल्यास भाडेच मालाला खाऊन टाकते. जवळची गिरणी बघावी. धूळ उडू नये म्हणून राखेवर पाणी मारलेले असते, तेव्हा किलोने नव्हे, पोत्याने भाव ठरवावा.