उन्हाळी वेलभाज्यांची फळगळ : कारण आणि उपाय

परसबागेतील काकडी, दुधी भोपळा यांची कोवळी फळे पिवळी पडून गळू लागली, की रोग समजून फवारणी केली जाते. परंतु अनेकदा अपुरे परागीभवन हे त्यामागील कारण असते. या वेलींवर नर व मादी फुले स्वतंत्र येतात. मादी फुलाखाली इवलेसे फळ दिसते. परागकण वाहून नेणाऱ्या मधमाश्या रासायनिक कीटकनाशकांना बळी पडल्यास फळगळ आणखी वाढते.

अशा वेळी ताजे नर फूल खुडून त्यातील पुंकेसर मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावेत. काकडीसाठी सकाळची, तर दुधीसाठी सायंकाळची वेळ योग्य ठरते. कीड आढळल्यास ५० ग्रॅम निंबोळी पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी आणि हा अर्क फुले टाळून पानांवर फवारावा.