मनोऱ्यांखालची माती

इंग्लंडच्या दक्षिणेला, डॉर्सेटमध्ये, खडूच्या खडकाची एक लांबलचक डोंगरधार आहे. तिच्यावर सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची थडगी विखुरली आहेत. गोल मातीची टेकाडंच ती. एक मागे पडतं न पडतं तोच दुसरं समोर. याच मुलखातून ४०० केव्हीची जुनी वीजवाहिनी जात होती. नजरेला खुपणारे तिचे २२ मनोरे नॅशनल ग्रिड या वीजवहन कंपनीने २०२२ मध्ये उतरवले आणि सुमारे ९ किलोमीटरची वाहिनी जमिनीखाली नेली.

देखावा मोकळा झाला, पण गंमत इथेच आहे. मनोरा कितीही धिप्पाड असो, जमिनीला तो फक्त चार पाय टेकवतो. पुढचा मनोरा थेट काही शे मीटरवर. मधल्या थडग्यांना धक्काही न लावता वीज वरून निघून जाते. जमिनीखालच्या केबलला अशी उडी घेता येत नाही. वाटेत जे असेल ते खणायचं, नाहीतर वळसा घालायचा.

शिवाय उघड्या तारेला वारा गार ठेवतो. पुरलेल्या केबलभोवती जाड इन्सुलेशन आणि त्याभोवती माती. उष्णता निघणार कुठून? म्हणून केबल जाड हव्यात, जास्त हव्यात आणि एकमेकींपासून लांब हव्यात. ४०० केव्हीच्या दुहेरी वाहिनीला १२ केबल आणि ४ चर लागू शकतात. यंत्रांची जागा धरली तर कामाचा पट्टा ६५ मीटर रुंदीपर्यंत जातो!

मग खणण्याआधी मातीच्या पोटातलं कळतं कसं? चुंबकमापक घेऊन शेत पायाखाली घालायचं. डॉर्सेटमध्ये पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४९,००० नॅनोटेस्ला. चुलीच्या आगीने आणि कुजलेल्या पाल्याने मातीतल्या लोहाची चुंबकीयता किंचित वाढते. अशी माती एखाद्या बुजलेल्या खंदकात साचली की त्या आकड्यात जेमतेम काही नॅनोटेस्लांची भर पडते, आणि यंत्र तेवढी टिपतं. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी खणलेला खंदक, वरून गवताशिवाय काही दिसत नसताना, नकाशावर काळ्या रेघेसारखा उमटतो. मात्र पोलादी मनोऱ्याजवळ हेच यंत्र आंधळं होतं. तिथे चाचणीचे छोटे चर घेऊनच पाहावं लागतं. खडूचा खडक अशा वेळी उपकार करतो: पांढऱ्याशुभ्र तळावर जुन्या खड्ड्याची काळपट माती लपत नाही.

न खणता जुनी वाहिनी सुधारायची असेल तर तारच बदलता येते. नेहमीच्या तारेत ॲल्युमिनियमच्या मध्ये पोलादाचा गाभा असतो. भार वाढला की ती तापते, लांबते, तिचा झोल जमिनीकडे येतो. वीज किती वाहायची याची मर्यादा तिथेच ठरते. कार्बन तंतूंचा गाभा उष्णतेने जवळजवळ लांबतच नाही, त्यामुळे त्याच मनोऱ्यांवरून जवळपास दुप्पट वीज नेता येते. बदलतानाही जुनी तारच दोरासारखी वापरून तिच्यामागे नवी ओढून घेतात. खाली फक्त ओढयंत्रं उभी राहतात, आणि त्यांच्या वजनाने माती दबू नये म्हणून जाड फळ्या अंथरतात.

मनोरे अर्थात तसेच दिसत राहतात. थडग्यांच्या बाजूने बोलायचं तर माझी त्याला हरकत नाही. रोज खिडकीतून ती धार पाहणारा डॉर्सेटकर बहुधा माझ्याशी भांडेल.