पापणीवरची रांजणवाडी त्याच जागी परत येतेय? एकदा तपासून घ्याच

औंढे असो वा लोणावळा, मावळात कुणाच्या पापणीवर गाठ दिसली की घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, "रांजणवाडी आहे, शेक दे, जाईल." बहुतेक वेळा ते खरंही असतं. गाठ बसते आणि आपण विसरून जातो. पण साठीच्या आसपासच्या माणसाला त्याच पापणीवर, त्याच जागी गाठ परत आली, तर नुसतं शेकत बसणं महागात पडू शकतं. चेहऱ्यावरचे काही कमी आढळणारे कॅन्सर साध्या दुखण्याचं रूप घेऊन येतात. त्यांची माहिती आपल्या घराघरात असायला हवी, असं आम्हाला वाटतं.

तेलाच्या ग्रंथींचा कॅन्सर

पापणीच्या कडेला तेल तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. हे तेल डोळ्यातलं पाणी सुकू देत नाही. एखाद्या ग्रंथीचं तोंड बंद झालं की गाठ येते. याच ग्रंथींमध्ये जो कॅन्सर होतो त्याला 'सेबेशियस कार्सिनोमा' म्हणतात. तो वरच्या पापणीवर जास्त दिसतो आणि बायकांमध्ये त्याचं प्रमाण थोडं अधिक आहे.

युरोप-अमेरिकेत पापणीचा हा कॅन्सर फार कमी दिसतो. आपल्याकडे तसं नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत पापणीचा कॅन्सर झालेल्या ५०० हून अधिक रुग्णांची नोंद तपासली गेली, त्यात निम्म्याहून अधिक रुग्णांना हाच कॅन्सर होता.

लक्षणं अशी:
- काढून टाकलेली किंवा बसलेली गाठ त्याच जागी परत येणं
- गाठीजवळच्या पापण्यांचे केस गळणं
- पापणीची कड जाड, पिवळसर होणं
- एकच डोळा महिनोन्‌महिने लाल राहणं, ड्रॉप घालूनही बरा न होणं

ही गाठ बऱ्याचदा दुखत नाही. म्हणूनच माणूस थांबतो, मेडिकलमधून ड्रॉप आणून घालतो. काही ड्रॉपमध्ये स्टेरॉइड असतं. त्यानं लाली तेवढ्यापुरती कमी होते, पण मूळ आजार आत वाढत राहतो.

आणखी दोन आजार

'मर्केल सेल कार्सिनोमा' हा आपल्याकडे अगदी क्वचित आढळतो. वयस्कर माणसाच्या चेहऱ्यावर किंवा मानेवर लाल-जांभळी, न दुखणारी गाठ येते आणि काही आठवड्यांतच भराभर वाढते. असं दिसलं तर वाट पाहू नका.

दुसरा आजार मुलांचा आहे. 'झिरोडर्मा पिगमेंटोसम' या जन्मजात आजारात उन्हामुळे त्वचेच्या पेशींचं झालेलं नुकसान शरीराला भरून काढता येत नाही. दोन वर्षांच्या आतच चेहऱ्यावर काळपट ठिपके येतात, मूल उजेडात डोळे मिटून घेतं आणि शाळकरी वयातच चेहऱ्यावर कॅन्सर होऊ शकतो. आई आणि वडील दोघांकडूनही दोष आला तरच हा आजार होतो, म्हणून नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. चुलत-मामे भावंडांची लग्नं आपल्यात होतात, महाराष्ट्रातल्या इतर अनेक समाजांतही मामाची मुलगी करतात. यात कुणाला दोष द्यायचा नाही. पण घरात असं एक मूल असेल तर पुढच्या मुलाआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यायला हवा.

सुई लावली की पसरतो?

ही भीती आम्ही नेहमी ऐकतो. ती चुकीची आहे. गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणं, म्हणजे बायोप्सी, हाच निदानाचा खात्रीचा मार्ग आहे. पसरतो तो उशिरामुळे. आधी कानापुढच्या आणि मानेतल्या गाठींमध्ये, मग पुढे. वेळेत कळलं तर गाठ आजूबाजूच्या थोड्या भागासकट काढून पापणी नीट बसवता येते. फार उशीर झाला तर डोळाच काढावा लागू शकतो. गाठ काढताना डॉक्टरांना स्वतःहून विचारा, "हा तुकडा तपासायला पाठवणार ना?"

कुठे जायचं?

लोणावळ्याहून लोकलनं पुणे स्टेशनला उतरलं की ससून रुग्णालय जवळच आहे, तिथे नेत्रविभाग आहे. कॅन्सरचं निदान झालं तर परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय आहे, जे १९४१ पासून रुग्णसेवेत आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, म्हणून रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा.

घरातल्या मोठ्यांकडे पाहा

वुजू करताना दिवसातून पाच वेळा चेहऱ्यावरून हात फिरतो. त्यात गाठ हाताला लागली तर दुर्लक्ष करू नका. सुरमा लावत असाल तर तो धुऊन मग पापणीची कड पाहा. अम्मी, दादी, नानी स्वतःहून सांगत नाहीत, पुरुष डॉक्टरसमोर नकाब काढायला संकोचतात. लेडी डॉक्टरची मागणी करता येते, आणि ती नसेल तर इलाजासाठी चेहरा दाखवायला हरकत नाही, हे उलेमा सांगत आले आहेत. दुआ जरूर करावी, पण इलाज करणं हीसुद्धा सुन्नतच आहे.

महिनाभरात न गेलेली किंवा परत आलेली गाठ डॉक्टरांना दाखवा. साधी रांजणवाडी निघाली तर अल्हम्दुलिल्लाह, एक चक्कर वाया गेली एवढंच.