एका कान्याचा फरक

मराठी वर्तमानपत्राचं कुठलंही पान उघडा, त्यात काहीतरी 'पडलेलं' सापडतंच. कोकणात पाऊस पडला, मराठवाड्यात दुष्काळ पडला, शेअर बाजार पडला, तिसरी विकेट पडली, सराफाच्या दुकानावर दरोडा पडला, बिल्डरवर धाड पडली आणि शेवटी वादावर पडदा पडला. इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना प्रश्न पडतो (तोही पडतोच!) की एवढ्या गोष्टी पडतात तरी कशा?

लग्नाआधी नाशिक जिल्ह्यातल्या एका शाळेत मी मराठी शिकवायचे. 'पडणे' अकर्मक, 'पाडणे' सकर्मक. आंबा पडला, गण्याने आंबा पाडला. एक काना वाढला की गण्या वाक्यात हजर होतो, काना काढला की गण्या पसार! परीक्षेत याला दोन गुण असत. दुबईत बसून मोबाइलवर गावाकडच्या बातम्या वाचताना मात्र त्या कान्याची किंमत बरीच जास्त वाटते.

कांद्याचंच बघा. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि लासलगावच्या बाजारात भाव घसरले. बातमी आली, 'कांद्याचे भाव पडले'. माझे वडील कांदा पिकवतात. ते फोनवर म्हणाले, "पडले नाही गं, पाडले." शहरातल्या माणसाला कांदा परवडावा हा सरकारचा हेतू होता आणि तोही समजण्यासारखा आहे. पण निर्णय कुणीतरी घेतला होता, हे 'पडले'मधून कळत नाही. गंमत म्हणजे त्याच निर्णयाने इथे दुबईत कांदा महाग झाला. आपण सगळ्यांनी तेव्हा भज्यांचा बेत पुढे ढकलला असेल!

राजकारणात तर हा काना फार बोलका. १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत २६९ विरुद्ध २७० अशा मतांनी, म्हणजे एका मताने, वाजपेयी सरकार पडलं. काहींच्या तोंडी ते 'पडलं', काहींच्या तोंडी 'पाडलं'. घटना तीच, पण बोलणारा कुठे उभा आहे ते क्रियापदावरून ओळखता यायचं. निवडणुकीतही हरलेला उमेदवार क्वचितच 'मी पडलो' म्हणतो. 'आपल्याच माणसांनी पाडलं' हे त्याचं ठरलेलं वाक्य!

घरांच्या बातम्यांत हसण्यासारखं काही उरत नाही. अतिवृष्टीत भिंत पडली, की तलाठी येऊन पंचनामा करतो, कागदावर 'पडझड' लिहिली जाते आणि मदतीसाठी अर्ज करता येतो. तेच घर अतिक्रमण म्हणून पाडलं, तर कागद वेगळे, कचेरी वेगळी, दाद मागायची जागाही वेगळी. घरातल्या बाईला दोन्ही वेळा भांडीकुंडी घेऊन रस्त्यावरच यावं लागतं.

पण म्हणून प्रत्येक 'पडला'मागे गण्या शोधायचा का? १६ एप्रिल २०२४ आपल्यापैकी कुणी विसरणार नाही. अल ऐन भागातल्या खत्म अल शकला इथे २४ तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस झाला. १९४९पासूनच्या नोंदींत इतका पाऊस नव्हता. आपल्या इमारतींच्या तळघरांत गाड्या बुडाल्या आणि भारतातून फोनवर फोन आले : "तुमच्याकडे पाऊस पाडला म्हणे?" विमानातून ढगांवर फवारणी इथे नेहमी होते, म्हणून संशय आला. पण त्या वादळात फवारणी केली नव्हती, असं इथल्या हवामान केंद्राने सांगितलं. एवढा पाऊस फवारणीने पाडता येत नाही, असं शास्त्रज्ञांचंही म्हणणं होतं. वादळ येणार हा अंदाजही आधीच होता. म्हणजे त्या दिवशी पाऊस पडलाच होता, त्यात काना घुसवला तो आपण.

या दिवाळीत फराळ झाल्यावर मुलांना एक खेळ द्या. मराठी वर्तमानपत्राच्या पानावरचा प्रत्येक 'पडला', 'पडली', 'पडले' पेन्सिलीने गोल करायला सांगा आणि दर वेळी विचारा, "आपोआप, की कुणी पाडलं?" काही ठिकाणी उत्तर लगेच मिळेल, काही ठिकाणी आई-बाबांना पूर्ण बातमी वाचावी लागेल. आपलं मराठी वाचनही त्या निमित्ताने पदरात पडेल!